यमुनाबाईची बिनपाण्याची बाग

निरोप आला तेव्हा मी बाळापूरच्या शाळेत मुलांकडून पाढे म्हणवून घेत होतो. अकोल्याहून आलेला गाडीवान उघड्या डोक्यानं दारात उभा राहिला. "बाईले ताप होता..." एवढंच म्हणाला. माझी थोरली बहीण यमुना, आमची बाई, गेली. त्याला आता महिना होत आला.

यमुनाबाईला अकोल्यात कापसाच्या व्यापाऱ्याकडे दिली होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडातल्या बोंडांना सोन्याचा भाव आला. भाऊजी माणिकराव साधे अडते होते. बघता बघता त्यांनी रस्त्याला लागून नवं घर बांधलं. मुंबईचा व्यापारी बैलांच्या हलक्या दमणीतून उतरला की समोर डोळ्यांत भरेल अशी बाग हवी, हा त्यांचा हट्ट. अमरावतीहून गाडीभर गुलाब, मोगरा, जाई आणली. बाई म्हणाली, "आपल्या उन्हात हे टिकाचं नाई." भाऊजी म्हणाले, "पाणी पाजू."

पाणी विहिरीचं. विहीर भाऊजींच्या जागेत, पण सगळी आळी तिथेच भरायची. वैशाखात तळ दिसू लागला तरी भाऊजींची मोट थांबेना. बायका रिकाम्या घागरी घेऊन काठावर बसून राहायच्या. मी सुटीत तिथे होतो. एका सकाळी आळीतली माणसं चालून आली. पुढे शेजारचा गणपत, हातात कुऱ्हाड. "मोटेचा नाडा तोडून टाकतो आज!" तो ओरडला. भाऊजी काठी घेऊन ओसरीवरून उतरले. दोघांत चार हातांचं अंतर उरलं असेल... तेवढ्यात बाई घरातून आली. डोक्यावर पदर, चालणं नेहमीसारखं. दोघांच्या मधून गेली आणि मोटेचे बैल सोडू लागली.

"यमुने, आत हो!"

"गुलाब मरतीन तर मरू द्या," ती मागे न बघता म्हणाली. "लोकायची लेकरं तहानेनं मेली, तर कोनाले दाखवसान बाग?"

गणपतनं उगारलेली कुऱ्हाड खाली घेतली. भाऊजी मात्र पेटले होते. "मंग व्यापाऱ्यायले काय निवडुंग दाखवू?"

"हो, निवडुंगच. विहिरीचा थेंब न घेता बाग करून दाखवते. पुढच्या चैतात रस्त्यानं जानारा थांबला नाई, तर मी माहेरी जाते. न्याले येऊ नका."

सगळ्या आळीसमोर बोलली होती. शब्द मागे घेणं आता तिला शक्य नव्हतं, आणि तिला अडवणं भाऊजींना.

पाऊस लागताच आम्ही बैलगाडी घेऊन बांधाबांधानं हिंडलो. मी बहावा सुचवला, पळस सुचवला. ती म्हणाली, "ते फुलाले वर्षंच्या वर्षं घेतात रे. मले चैताची घाई हाय." ज्यांची फांदी लावून भागतं तेवढंच तिनं उचललं: लाल, गुलाबी, पांढरी कण्हेर, चाफ्याच्या जाड फांद्या, निवडुंगाची पानं. कण्हेर कुंपणालगत, कारण शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. पण विषारी म्हणून पोरांच्या अंगणापासून लांब. मी रंग मिसळून लावायला निघालो तर रागावली. "एकेक लावशीन तर उन्हात रंगच दिसाचा नाई. एक रंग एका जागी, दाट." मुळांशी गोटे रचले, ओल धरून राहावी म्हणून.

हिवाळाभर भाऊजी तिच्याशी बोलले नाहीत. फाल्गुनात मी गेलो तर चाफ्याची पानं गळून नुसती खोडं उभी. बाईच्या खोलीत कोपऱ्यात लुगड्यांचं बोचकं बांधून ठेवलेलं दिसलं. रोज पहाटे ती बागेत जाई आणि चाफ्याची टोकं चाचपून परत येई...

चैत तापला. आणि आसपास सगळं करपत असताना तिची कण्हेर उघडली. कुंपणाची एक बाजू लालच लाल, दुसरी पांढरी. चाफ्याच्या उघड्या टोकांना गुच्छ आले, निवडुंगावर पिवळी फुलं. मुंबईच्या एका व्यापाऱ्यानं दमणी रस्त्यातच थांबवली. "शेठ, ही बाग कुणाची?" भाऊजींनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या मंडळीची." बाई दाराआड उभी होती. त्या संध्याकाळी तिनं बोचकं सोडून लुगडी पेटीत ठेवली.

पुढे लढाई संपली, कापूस कोसळला, व्यापारी येईनासे झाले. बाग राहिली. बाईनं तिच्यासाठी विहिरीचं पाणी कधीच घेतलं नाही.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी चाफ्याची एक फांदी कापली. जिथे तिला अग्नी दिला तिथे लावायची, म्हणाले, आत्ताच. टोकातून पांढरा चीक गळत होता. मी म्हटलं, "आत्ता नाई भाऊजी. चीक सुकू द्या, नाईतर कुजते. बाई सावलीत ठेवायची."

"कुठं ठेवायची?"

मी तिच्या खोलीची खिडकी दाखवली. भाऊजींनी फांदी दोन्ही हातांवर आडवी घेतली आणि आत नेऊन ठेवली. गाडीवान परवा सांगत होता, ती अजून तिथेच आहे. चीक कधीच सुकलाय, पाऊसही झालाय. भाऊजी रोज तिच्याजवळ बसतात, म्हणाला, पण लावायला उचलत नाहीत.