डाव्या कोपऱ्याचा उजवा हात

कबड्डीत लोक चढाई करणाऱ्याकडे बघतात. शिट्ट्या त्याच्यासाठी, फोटो त्याचा. मी आयुष्यभर बचावात खेळलो, डाव्या कोपऱ्यावर, त्यामुळे माझे जे फोटो आहेत ते कुणाचा तरी पाय धरून पालथ्या पडलेल्या माणसाचे आहेत. तोंड एकातही दिसत नाही. टीव्हीवरच्या लीगमध्ये तीन हंगाम खेळलो, तेव्हा गोंडपिपरीकडचं आमचं गाव विहाराजवळ टीव्ही लावून बसायचं आणि आई शेजारणीला विचारायची, "यातला आपला कोनता?"

मग गुडघा गेला आणि लीगही गेली. चंद्रपुरातल्या एका क्लबानं मुलींच्या संघाचा बचाव माझ्या हाती दिला. चढाया शिकवायला दुसरे सर होते. ते गोड बोलायचे. माझं तोंड फाटकं, आणि हे दूषण म्हणून सांगायला हवं होतं तेव्हा मी ते कौतुकानं सांगायचो.

बचाव म्हणजे साखळी. कोपऱ्यावरची खेळाडू आणि तिच्या शेजारची, दोघींनी एकमेकींचा हात धरून उभं राहायचं. चढाईवाली आत आली की एक पाऊल मागे, एक पुढे, पण दोघींनी मिळून. हात लवकर सुटला तर मधून वाट मिळते. म्हणून मी जोड्या लावून द्यायचो आणि त्यांना दिवसभर हात धरून फिरायला लावायचो. नळावर जायचं तर दोघींनी, डबा उघडायचा तर एकीच्या डाव्या आणि दुसरीच्या उजव्या हातानं. मुली हसून लोळायच्या, भाजी सांडायची. पण महिन्याभरात शेजारणीनं श्वास घेतला तरी कोपरेवालीला तो हातातून कळायचा. मी म्हणायचो, चेहरे खोटं बोलतात, मी फक्त हात बघतो.

माझी सर्वांत चांगली जोडी होती ती भामरागडच्या वाटेवरच्या एका गावातली मुलगी आणि वडशाची एक. दोघी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. भामरागडची कोपऱ्यावर. बोलायची कमी, आणि मराठीत बोलायची त्याहून कमी, पण घोट्याला हात घातला की सुटका नव्हती. तिला पोलीस व्हायचं होतं. राज्य संघात निवड झाली तर खेळाडू म्हणून भरतीत फायदा मिळतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. वडशाची तिच्या उजव्या हाताला उभी राहायची आणि दोघींच्या वाट्याचं एकटीच बोलायची. मला स्वतःच्या खेळाचा अभिमान होता, पण ह्या दोघींना साखळीत सरकताना बघितलं की त्याचं काही वाटेनासं व्हायचं.

निवडीच्या सामन्यात त्यांची साखळी फुटली. पहिल्या डावात दोनदा समोरची चढाईवाली दोघींच्या मधून आरामात निघून गेली. मी बाहेरून हातच बघत होतो, आणि मला दिसलं ते असं की वडशाच्या मुलीनं कोपरेवालीचा पंजा धरलाच नव्हता. नुसती करंगळी धरली होती, तीही सैल. मध्यंतरात मी तिला सगळ्या संघासमोर झापलं.

"करंगळी धरून काऊन उभी आहे तू? जत्रेत फिराले आली का? घट्ट धर. आन मी सांगत नाई तवरी सोडाचा नाई."

ती कोपरेवालीकडे बघायला लागली. कोपरेवाली खाली बघत होती. मी पुन्हा ओरडलो, "तिच्याकडं काय पायतं, मी सांगून राह्यलो ना."

दुसऱ्या डावात तिनं पंजा घट्ट धरला. तिसऱ्याच चढाईला कोपरेवालीनं डाव्या हातानं घोटा पकडला, चढाईवालीनं पूर्ण जोर लावून मध्यरेषेकडे झेप घेतली, आणि कोपरेवालीचा उजवा हात मागेच राहिला, शेजारणीच्या मुठीत. अशा वेळी शेजारणीनं हात सोडून चढाईवालीच्या अंगावर पडायचं असतं. लहान पोरीलाही ते कळतं. पण तिला सांगितलेलं होतं, सोडायचा नाही. तिनं बाहेर माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा घोट्याची पकड बघत होतो. खांदा निखळला.

रिक्षातून रुग्णालयात नेताना कोपरेवालीचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ पांढरे पडलेले. ती म्हणाली, "सर, तिले रागावू नका. माझा खांदा पंधरा दिवसापासून दुखून राह्यला होता. मीच म्हनलं तिले, सैल धर मनून." मग तिनं विचारलं, निवड होईल का. मी होईल म्हणालो. ती वेदनेतही थोडी हसली, आणि मला त्या रिक्षातून उडी टाकावीशी वाटली.

निवड झाली नाही. खांदा पुढे आणखी दोनदा निखळला, शस्त्रक्रिया झाली, जखम भरली. पण पोलीस भरतीत गोळा फेकावा लागतो. तिनं गावी दगड फेकून तयारी केली, गडचिरोलीला जाऊन भरती दिली, आणि गोळा तिच्या पुढ्यातच पडला. आता ती तिकडच्या एका आश्रमशाळेत लहान मुलींना खेळवते. अधूनमधून फोन करते, तब्येत विचारते. मी उचलतो, आणि काहीतरी काम सांगून लवकर ठेवतो.

पण मला सांगायचं आहे ते वडशाच्या मुलीबद्दल. क्लबात बोलणं असं झालं की हिनं हात सोडला नाही म्हणून तिचा खांदा गेला. मध्यंतरात मी काय ओरडलो ते संघातल्या सातही जणींनी ऐकलं होतं, पण माझ्यासमोर कोण बोलणार. बाकीचे तेव्हा जवळ नव्हते, त्यांना माहीत नव्हतं. ते म्हणत राहिले आणि मी ऐकत राहिलो. एकदा तर दुसरे सर म्हणाले, "एवढी साधी गोष्ट कळू नये का हिला?" तर मी चहा पीत मान डोलावली. आठवड्याभरात ती बॅग भरून वडशाला निघून गेली. परीक्षेपुरती आली, मैदानाकडे फिरकली नाही.

दीड वर्ष मी हे घेऊन झोपलो आणि हे घेऊनच उठलो. नव्या मुलींना हात धरा म्हणताना जीभ अडखळायची. शेवटी एका हिवाळ्यात चांदा फोर्ट स्टेशनावरून वडशाच्या गाडीत बसलो. बैल गेला अन् झोपा केला, हे कळत होतं, तरी निघालो. वाटभर वाक्य जुळवत होतो. तुझी चूक नव्हती, माझी होती, मी क्लबात सगळ्यांसमोर सांगतो, तू परत ये. ब्रह्मपुरी येईपर्यंत ते वाक्य इतकं चांगलं जमलं होतं की मला स्वतःचंच बरं वाटायला लागलं.

वडशात नाटकांची जाहिरात करणाऱ्या गाड्या लाऊडस्पीकर लावून फिरत होत्या. ती एका राइस मिलमध्ये पोत्यांची तोंडं शिवत होती, हातात धरायच्या मशीननं. अंगावर कोंडा. मला बघून तिनं मशीन बंद केलं, ओढणीनं तोंड पुसलं आणि बसायला एक रिकामं पोतं झटकून दिलं. "कसे आले सर?" म्हणाली, जणू मी शेजारच्या गल्लीतून आलो होतो.

मी वाक्य म्हणून टाकलं. पूर्ण. तिनं मधे एकदाही तोडलं नाही.

"असं होईल मनून तुले तरी कुठी मालूम होतं," मी शेवटी म्हणालो, तिला बरं वाटावं म्हणून. "तू मले सांगतलं असतं, त मी तिले खेळवलंच नसतं."

तिनं ओढणीवरचा कोंडा झटकला.

"मी सांगतलं होतं, सर," ती म्हणाली. "सामन्याच्या तीन दिवस आंधी. नळापाशी. तिचा खांदा दुखून राह्यला, तिले बसवा एक सामना, म्हनलं मी. तुमी म्हनले, खांदा आहे त दुखनच. आन हासले."

मी डोकं खाजवून बघितलं. लीगमधली माझी एकेक पकड मला तारखेशिवाय पण जागेसकट आठवते, कोणाचा कोणता पाय, किती मिनिटं उरली होती. नळ आठवला. तिथं चिखल असायचा तो आठवला. ती काही आठवली नाही. हसणं मात्र माझंच होतं, ते वाक्यही माझंच, असलं मी रोज दहादा बोलायचो.

"मले आठवत नाई," मी म्हणालो.

"मले आठवते," ती म्हणाली, आणि तिनं मशीन सुरू करून पुढचं पोतं ओढलं.