नको असलेली ढाल

हुतूतूत दम तुटला की नाही हे नक्की दोघांनाच कळतं, खेळणाऱ्याला आणि देवाला. हे मी पोरांना इतक्यांदा ऐकवलं होतं की माझी पाठ फिरली की ती माझ्याच आवाजात ते म्हणून दाखवत. कर्जतच्या एका मिशन शाळेत मी मास्तर होतो. ख्रिस्ती घरं आम्ही मूठभर, बाकी सगळी भातशेती करणाऱ्यांची मुलं. त्यांना येशूच्या गोष्टी आवडत, पण हरणं आवडत नसे, आणि माझ्या हाताखाली ती सारखी हरत होती.

याला कारण माझा नियम. एका दमात हुतूतू म्हणत पलीकडच्या हद्दीत शिरायचं, गडी मारायचे आणि दम न तोडता मधल्या रेघेपर्यंत परत यायचं. वाटेत श्वास घेतला तर बाद. पंचाला कळलं नसलं तरी आपण होऊन सांगायचं आणि बाहेर जाऊन बसायचं, असं मी शिकवलं होतं. दुसऱ्या गावांची पोरं खुशाल चोरून श्वास घेत, आणि आमची हात वर करून बाहेर येत. त्यांचे बाप मला रस्त्यात गाठून विचारत, मास्तर, पोरांना खेळायला शिकवताय की बाद व्हायला? तिथं मी हसून वेळ मारून नेई आणि घरी येऊन बायकोवर चिडे.

त्यात दुसऱ्या महायुद्धाचे दिवस. जास्त धान्य पिकवा असं सगळीकडं सांगत होते आणि आमच्या पाद्रीसाहेबांचा डोळा शाळेच्या मैदानावर होता. तिथं त्यांना नाचणी लावायची होती. मी फार गयावया केली तेव्हा त्यांनी एवढंच कबूल केलं की शेजारच्या चौक गावाशी होणारा सामना जिंकलात तर मैदान ठेवू, नाहीतर पावसाआधी नांगर घालू.

चौकला आम्ही बैलगाडीनं गेलो. सामन्याआधी मी नेहमीसारखी प्रार्थना घेतली. जिंकव असं मागितलं नाही, सरळ खेळू दे एवढंच मागितलं. आमच्यातला एक बुटका, तिखट पोरगा पुटपुटला, "मागायचंच हाय तर जिंकायचं का नाय मागत?" उत्तर माझ्याकडं होतं, पण त्या दिवशी ते माझं मलाच पटत नव्हतं.

शेवटपर्यंत बरोबरी राहिली. मग आमचा कप्तान आत शिरला. उंच, अबोल, शेतकऱ्याचा मुलगा. दोन गडी मारले, तिसऱ्यानं पाय धरला, तरी फरफटत येऊन त्यानं रेघेला हात लावला. पंच चौकचेच एक म्हातारे, गावात मोठ्या मानाचे. त्यांनी शिट्टी वाजवून आम्हाला विजयी केलं. मैदान वाचलं म्हणून मी टोपी हवेत उडवली. तेवढ्यात हा शहाणा उठला, अंगावरची धूळ झटकली आणि म्हणाला, "माझा दम तुटला व्हता."

मला त्याचा इतका राग आला, काय सांगू. देवाचाही आला. पण शिकवलं होतं मीच, आता तोंड कुठं लपवणार? मी पंचांना म्हणालो, मुलगा म्हणतोय ते खरं धरा, सामना तुमचा. म्हातारे लालबुंद झाले.

"म्हंजे मी खोटा? मी दम ऐकलाय त्याचा. गावासमोर दिलेला निकाल तुमचं पोरगं फिरवनार?"

मग गावही भडकलं. हरलेलं त्यांना चालत होतं, पण पंचाचा शब्द खाली पडलेला चालत नव्हता. आम्ही हरलो असं मी भांडून सांगतोय आणि नाही, आम्हीच हरलो असं ते भांडून सांगताहेत, असा सामना मी जन्मात पाहिला नव्हता. शेवटी त्यांनीच जिंकणाऱ्याला द्यायची ढाल आणून आमच्या गाडीत टाकली.

परतताना कप्तानाशी कुणी बोलेना. तो बुटका मला म्हणाला, ढाल तर आपल्याकडं हाय, सायबांना बाकीचं कशाला सांगायचं? मला मोह झाला. पाद्रीसाहेबांनी ढाल पाहून आनंदानं हात पुढं केला, तेव्हा तर फारच झाला. तरी मी सगळं सांगून टाकलं. पुढं केलेला हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. मला वाटलं, आता पाठ थोपटतील.

"मग अट पुरी झाली नाही," ते म्हणाले.

पावसाआधी नांगर फिरला, तोही कप्तानाच्याच वडिलांचा. ढाल मी दोनदा चौकला पाठवली आणि दोन्ही वेळा त्यांनी ती आल्या पावली परत धाडली. पावसाळाभर वर्गाच्या खिडकीतून मी नाचणी वाढताना पाहिली. कणसं चांगली भरली होती, पण मला त्यांचं एकदाही कौतुक वाटलं नाही.

नाचणी कापून झाल्यावर एका संध्याकाळी कप्तान तिथं एकटाच धसकटं उपटताना दिसला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघं आले, मग बाकीचे. तळपायांना टोचत असतानाच त्यांनी डाव मांडला. पहिल्यांदा तो बुटका आत शिरला आणि गडी मारून सफाईनं परत आला. मला काही वावगं ऐकू आलं नव्हतं, कुणालाच आलं नव्हतं. पण तो रेघेवर थबकला. कप्तानाकडं रागानं पाहत म्हणाला, "तुटला रं," आणि चरफडत बाहेर जाऊन बसला.

कप्तान त्याच्याजवळ सरकला आणि त्याच्या पायात रुतलेलं धसकट काढायला वाकला. मी तोंडाशी धरलेली शिट्टी न वाजवताच खिशात टाकली.