नाझारेच्या म्हातारीचा फोटो

आमच्या घरात आईचा धड असा एकही फोटो नाही. आधार कार्डावर एक आहे, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. दुसरा आमच्या तोंडवलीतल्याच एका रिसॉर्टच्या भिंतीवर, मोठ्या चौकटीत लावलेला आहे. किनाऱ्यावर जुन्या जाळ्यावर बांगडे सुकत घातले आहेत आणि आई ओणवी होऊन ते उलटते आहे. कॅमेरा दिसताच तिने पदर ओढून घेतला असणार, कारण चेहरा अर्धा झाकलेला आहे. कुणा पाहुण्याने तो काढला आणि रिसॉर्टला दिला. आईला कळले ते वर्षभराने, तिथे मासे द्यायला गेली तेव्हा. घरी येऊन ती एवढेच म्हणाली, "माका इचारूक नको होता? साडी तरी बरी नेसलंय असतंय."

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला. आई डोक्यावर माशांची पाटी घेऊन दारोदार फिरली, म्हणून मी शिकलो. नोकरी लागल्यावर मी कॅमेरा घेतला तो तिचाच फोटो काढायला. तिने तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"ह्या तुका येता?"

"शिकतलंय."

"मगे शिकान ये. तू फॉरेनातसून इलस की काढ. मी साडी काढून ठेवतंय."

कंपनी मला तीन महिन्यांसाठी जर्मनीला पाठवणार होती. तिथे सुटीच्या दिवशी मी एकटाच गाडीत बसायचो आणि स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, मिळेल तिथे जायचो. बर्फाचे डोंगर, तळी, दगडी पूल, खिडक्यांतली लाल फुले. जे दिसेल ते टिपायचो. हे सगळे मला पाहायला मिळते आहे याबद्दल मनात सारखी कृतज्ञता असायची, आणि तरी संध्याकाळी खोलीवर आलो की उदास वाटायचे. शेकडो फोटोंत ओळखीचे असे काही नसायचे.

परतण्याआधी चार दिवसांची रजा घेऊन मी पोर्तुगालला गेलो. नाझारे नावाच्या गावी समुद्र दिसला आणि त्याआधी वास आला. सुक्या मासळीचा. वाळूवर लाकडी चौकटींना जाळी ताणून तिच्यावर मधोमध चिरलेले मासे उन्हात घातले होते, आणि काळा रुमाल बांधलेली एक म्हातारी ते एकेक करून उलटत होती. तशीच ओणवी होऊन. मी कॅमेरा उचलला. तिने वर पाहिले आणि हातातल्या माशासकट कोपर तोंडावर धरले. त्याच क्षणी मी बटण दाबले. ती काहीतरी बोलली. भाषा कळली नाही, पण ती रागावली होती हे कळले. मी हसून मान हलवली आणि भरभर पुढे गेलो.

गावी आलो तेव्हा आईची जांभळी साडी खरेच ट्रंकेतून बाहेर काढून खाटेवर ठेवलेली होती. "आधी तुझे फोटो दाखय," ती म्हणाली. शेजारची काकीही येऊन बसली. मी लॅपटॉप उघडला.

बर्फ पाहून आई म्हणाली, "एवढा मीठ! हंयसर बांगडे घातले तर वरसभर टिकतीत."

"गो, ता बर्फ," काकी म्हणाली. "तुका सगळीकडे बांगडेच दिसतत."

तळ्याचे पाणी गोडे आहे हे कळल्यावर आईने नाक मुरडले. "मगे थंयच्या माशाक चव ती काय?"

आम्ही तिघेही हसत होतो. तेवढ्यात नाझारेची म्हातारी आली.

"अगो बाय, ही तुझी भैणच!" काकी ओरडली.

आई हसली नाही. तिने लॅपटॉप जवळ ओढला. "हिने तोंड कित्याक झाकल्यान?"

"ऊन होता, आये."

ती बराच वेळ पाहत राहिली. "तिका इचारलस?"

मी पुढचा फोटो लावला. आई उठली. खाटेवरची साडी तिने घडीवर घडी घालून ट्रंकेत ठेवली आणि म्हणाली, "आज नको, झिला. मासे भितर घेवचे आसत."

त्याला सहा वर्षे झाली. दर सुटीत मी कॅमेरा घेऊन जातो, आणि आई "बघूया" म्हणते. आता तिची कंबर वाकली आहे, हात थरथरतात. दिवस फार उरलेले नाहीत हे मला दिसते, आणि तिलाही दिसत असणार.

या मे महिन्यात मी तिच्याजवळ जाऊन बसलो. ती सूप घेऊन सुकट पाखडत होती. मी म्हटले, "आये, त्या म्हातारीचो फोटो मी पुसून टाकलंय."

"बरा केलस," ती म्हणाली. थोडा वेळ सूप हलत राहिले. मग वर न पाहताच तिने विचारले, "पण तिका ता खंय कळला?"