बांधलेल्या विमानातल्या दुपारी

सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी रत्नागिरीहून आले, त्याला दुसरं वर्ष लागलं होतं. त्या दिवाळीनंतर गावातल्या एका गवताच्या व्यापाऱ्याने मुंबईहून दोन माणसांचं जुनं विमान विकत घेतलं आणि रांधा गावाच्या बाजूला स्वतःच्याच कापलेल्या कुरणात उतरवलं. तरुणपणी हे शेठ विमान चालवायला शिकले होते. अडचण घरात निघाली. यंत्र समजल्याशिवाय आपण त्यात पाऊल ठेवणार नाही, असं त्यांच्या पत्नीने सांगून टाकलं. शेठना चालवता येत होतं, समजावता येत नव्हतं. विमानाबरोबर आलेलं पुस्तक इंग्रजीत. म्हणून मला बोलावणं आलं.

शेठाणीबाई उंबरगावकडच्या; मराठीत मधूनच गुजराती यायचं. मी त्यांना काकी म्हणू लागले, त्या मला बेन म्हणायच्या. शाळा सुटली की जीप मला कुरणात सोडायची. झापांच्या मांडवाखाली विमानाचे पंख दोरांनी खुंट्यांना बांधलेले असत. आम्ही दोघी आत शेजारी बसायचो, पुस्तक माझ्या मांडीवर. मी एक वाक्य वाचायची, त्याचं मराठी करायला जायची आणि तेव्हा लक्षात यायचं, की ते मलाच कळलेलं नाही. मग पुन्हा वाचायचं.

ठिणगी देणारे मॅग्नेटो दोन असतात, एक दगावला तरी दुसरा इंजिन चालू ठेवतो, हे काकींना फार आवडलं. पण पेट्रोलची वाफ करून हवेत मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचतो, यावर त्यांचा विश्वास बसेना. इथे बर्फ हवा तर वापीहून आणावा लागतो, त्या म्हणाल्या. मी त्यांच्या मनगटावर पेट्रोलचा एक थेंब टाकला. तो उडून गेला, तशी जागा गार पडली. त्या बराच वेळ मनगटाकडे बघत राहिल्या.

वारा आला की कापडी पंख जरासे उचलले जायचे, दोर ताणायचे आणि समोरचा विमान वळवायचा दांडा आपोआप हलायचा. पिवळं कुरण आणि पलीकडचे निळसर डोंगर सावकाश मागे सरकताहेत, असं वाटायचं. अशा वेळी मी वाचायची थांबत असे. काकीही काही विचारत नसत. किती वेळ जायचा, कळत नसे.

पौषातल्या एका रविवारी उड्डाण ठरलं. गवतावर दव होतं. इंजिनखालच्या गाळणीतून रोज थोडं पेट्रोल काढून त्यात पाणी आहे का, ते बघायचं असतं. काकींनी ते स्वतः काचेच्या पेल्यात काढलं. लालसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचे दोन स्वच्छ मणी बसले होते.

शेठ घाईत होते. एवढंसं पाणी इंजिन गिळून टाकतं, ते म्हणाले.

काकींनी पेला माझ्यापुढे धरला. "बेन, पुस्तकात 'एवढंसं चालेल' असं लिहिलंय?"

"नाही," मी म्हणाले.

 शेठनी पाणी खाली यावं म्हणून पंख धरून विमान हलवलं, पेट्रोल काढलं, पुन्हा हलवलं, पुन्हा काढलं. पाचव्या पेल्यात तळ कोरा दिसला. तेव्हा काकींनी पदर कमरेला खोचला आणि त्या आत चढल्या.

विमान उडालं आणि वासोणा गावाकडे वळून दिसेनासं झालं. आवाजही विरला. मी त्या मोठ्या कुरणात एकटी, हातात पुस्तक घेऊन उभी होते आणि मनातल्या मनात तेलाचा दाब, तापमान, डावा मॅग्नेटो, उजवा मॅग्नेटो म्हणत होते.

उतरल्यावर काकींचा चेहरा शांत होता. वरून काय दिसलं, मी विचारलं.

"काहीच बघितलं नाही. सगळा वेळ इंजिन ऐकत होते." मग शेठकडे वळून त्या म्हणाल्या, "पुन्हा वर चला. आता बघते."