बाकांवरची बुरशी
मरण येण्याआधी घराला त्याची चाहूल लागते, असे जाणते लोक सांगतात. रॉकेलचा वास आला की मला आमचे शेजारी आठवतात. त्यांची मालगुजारी, म्हणजे गावचा सारा वसूल करायचा हक्क, नुकतीच गेली होती, ते ओसरीत तापाने पडले होते आणि वैद्याने येणे थांबवले होते. श्रावणातल्या ओलीने अंगणातले बाक बुरशीने पांढरे पडले होते. गावात कुणी गेले की मौतीला आलेली माणसे त्या घरच्या अंगणातल्या बाकांवरच बसत. एका दुपारी मालगुजारांची बायको रॉकेलच्या चिंधीने ते बाक घासू लागली. "काऊन घासून राहिली वो?" त्यांनी ओसरीतून विचारले. "लोकं येतील. बुरशीवर बसवू का त्याहिले?" "कायले येतील लोकं?" ती चिंधी घेऊन दुसऱ्या बाकाकडे वळली. मालगुजार त्या तापातून उठले आणि पुढे कित्येक वर्षे अंगणातला चहा त्या बाकांवर न बसता उभ्यानेच प्यायले.