आत्याला आणायला कोण जाणार?

समोरच्या घरातल्या काकूंमुळे माझ्या बहिणीला हळद लागली, हे आधी सांगतो. बाकीचा वैताग नंतर.

नववीतून शाळा सोडली तेव्हापासून मी सुरतला, कापडाच्या कारखान्यात. वडील नाहीत, म्हणून मोताळ्याजवळच्या आमच्या खेड्यातलं हे लग्न मी फोनवरूनच जुळवत होतो. आचारी ठरला की मांडववाला फिरायचा. मांडववाला ठरला की मामांचा फोन, पत्रिकेत माझं नाव खाली काऊन? निदान आमंत्रणं तरी सोपी जावीत म्हणून पत्रिका सगळ्यांना मोबाईलवर पाठवली. जळगाव जामोदच्या आत्यालासुद्धा. तिथंच चुकलो. आमच्याकडे माहेरच्या लग्नाला लेकीला आणायला घरचा मुराळी जावा लागतो. आत्या साठीची झाली म्हणून काय झालं?

हळदीच्या आदल्या रात्री गावी पोचलो आणि सकाळी आत्याला फोन केला. "आत्या, निघाली का?"

"काऊन निघू? मले न्यायले कोणी आलं का? मोबाईल धाडला तुनं. आता त्या मोबाईलच्याच हातानं हळद लाव पोरीले."

फोन बंद. बहिणीनं ऐकलंच होतं. वडील गेल्यावर दोन वर्षं आत्यानंच तिला सांभाळलं होतं. म्हणाली, "पहिली हळद आत्याच्या हातची. नाहीतर मी पाटावर बसतच नाही."

मांडव अर्धाच उभा, आचाऱ्याला तेल कमी, हलायची सोय नाही. चुलते खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडत होते. पोळ्या लाटायला आलेल्या समोरच्या घरातल्या काकू हात झटकत उठल्या. "मीच जातो मुराळी म्हून."

चुलते हसले. "बाईमाणूस मुराळी जाते का कुठी?"

"मंग तुम्ही उठा ना खुर्चीवरून!"

चुलते उठले नाहीत. काकू भर उन्हात एसटीनं गेल्या. आत्याच्या ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, तू पिशवी भरेपर्यंत मी पाणी पीत नाही. आत्यानं पाऊण तास ताणलं, मग पिशवी भरली.

चारच्या सुमारास दोघी एसटीतून उतरल्या. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुले अक्कल नाही, पण शेजार चांगला भेटला." आणि थेट बहिणीकडे गेली.

काकूंच्या लेकीचं लग्न अजून व्हायचं आहे. तेव्हा आठ दिवस आधी सुट्टी काढून येईन, आणि त्यांच्या घरची जी कोणी रुसून बसेल तिला आणायला मीच जाईन. पाणी न पिता बसावं लागलं तरी बसेन.