काकांनी आणलेला दगड

आमच्या मावशीचे यजमान, म्हणजे काका, यांच्याइतका जमिनीकडे बघत चालणारा माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत दुसरा झाला नसेल. पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक म्हणून त्यांची हयात पाटाच्या कडेनं चालण्यात गेली, आणि उकरलेल्या मातीत खापराचा तुकडा दिसला की सरकारी काम तिथंच थांबे. पिंपळीच्या एका लग्नात तर ते भरल्या पंगतीतून उठून मांडवाची मेढ रोवलेला खड्डा उकरत बसले होते. सापडेल ते सातवाहनांचं. मावशीनं एकदा चिडून स्वतःच्या गेल्या उन्हाळ्यातल्या माठाचा तुकडा पुढं केला. काकांनी तो उन्हात धरला, थुंकी लावून पुसला आणि म्हणाले, "सातवाहन. शंकाच न्हाय." हसून हसून आमची मुरकुंडी वळली आणि काकांनी मावशीशी अबोला धरला. 'माहीत नाही' म्हणणं या माणसाला जमतच नसे.

या वेडात त्यांचा जोडीदार एकच, कळंबकडच्या एका वाडीवर सायकली दुरुस्त करणारा रहीमतात्या. वाडीच्या पिराच्या दारात पावसाळ्यात चिखल होई, म्हणून पाटाच्या खोदाईत निघालेला, कमळ कोरलेला एक दगड या दोघांनीच बैलगाडीतून आणून पायरीला बसवला होता. उरसाला हिंदू काय, मुसलमान काय, सगळी वाडी मलिदा घेऊन त्याच पायरीवरून आत जाई.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कुठल्या मशिदीखाली काय पुरलंय याचं वारं सुटलं आणि ते या वाडीपर्यंतही आलं. जीपमधून काही पोरं आली. त्यांनी काकांना शाल पांघरली, नारळ दिला आणि 'इतिहाससंशोधक' म्हणून हाक मारली. जन्मात कुणी तसं म्हटलं नव्हतं हो त्यांना! मग पायरी दाखवून विचारलं, "हा दगड किती जुना?" काका म्हणाले, "दोन हजार वर्षांचा. देवळाचाच हाय." तो इथं आला कसा, हे सांगायचं मात्र शालीच्या उबेत राहून गेलं.

लगेच फलक लागले: पिराखाली देऊळ! खाली काकांचं नाव. काका त्या पोरांनी भरवलेल्या सभेत धावत गेले, माईक धरून ओरडले, "आरं, त्यो दगड मीच आणलाय, पाटातनं!" पुढाऱ्यानं हसत माईक काढून घेतला आणि त्यांना खुर्चीत बसवलं. "काका, तुमचं काम झालं. आता आमचं." पायरी उखडून जीपमध्ये गेली, पिराला कुलूप लागलं आणि उरूस बंद पडला तो पडलाच.

रहीमतात्या भांडला नाही. फक्त काकांना म्हणाला, "आबा, दगडाचं वय सांगितलंत. बैलगाडी कुनी हाकली, त्ये बी सांगायचं व्हतं." पुन्हा तो काकांबरोबर पाटावर कधी आला नाही. मला काकांचा राग येई, पण त्याहून वाईट जास्त वाटे.

त्यानंतर काका चारचौघांसारखे समोर बघून चालू लागले, आणि ते बघवत नसे. शेवटच्या भेटीत पाटाच्या कडेला मला एक खापर दिसलं. मी ते मुद्दाम त्यांच्या हातात दिलं. "सातवाहन ना, काका?"

त्यांनी अंगठ्यानं माती पुसली. "माहीत न्हाय, बाबा," ते म्हणाले. "कुनाचा तरी माठ असंल. फुटला." आणि मी जिथून उचललं होतं, तिथंच त्यांनी ते वाकून परत ठेवलं.